तंजावूरचे कोंडाणकर

हनुमंतरावांनी दारावर नवी पाटी लावली त्या दिवशी कमलाक्षीला पहिल्यांदा कळलं की आपल्या मोठ्या दिरांना आडनाव आहे. लग्न होऊन ती या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात या घराचं आडनाव कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. तंजावुरात त्याची गरजच पडत नाही. बापाच्या नावाचं आद्याक्षर, पुढे आपलं नाव. रेशनकार्डापासून मर्तिकाच्या दाखल्यापर्यंत तेवढ्यावर भागतं. आणि आता राजवाड्यामागच्या त्या अरुंद गल्लीत, तमिळ, इंग्रजी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत, पितळी अक्षरांत झळकत होतं: टी. हनुमंतराव कोंडाणकर. गल्लीत देवनागरी वाचता येणारी माणसं मोजून तीन, आणि त्यांतली एक कमलाक्षी. ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि स्वयंपाकघरात पोटभर हसली.

हनुमंतरावांचं काय होतं, की त्यांना रिकामा वेळ फार झाला होता. दोन हजार एक साली बँकांनी माणसं कमी करायला काढली, तेव्हा बँकेनं त्यांना मानानं घरी बसवलं. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, दोन वेळचं जेवण मागच्या चौकात धाकट्या भावाच्या विधवेकडे, म्हणजे कमलाक्षीकडे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणतात. हनुमंतरावांनी भिंतीला वंशवृक्ष लावला.

त्याचं सगळं मूळ एका वीतभर कागदात होतं. देवघरातल्या जुन्या पेटीच्या तळाशी, गंधाच्या सहाणेखाली तो दडपलेला सापडला. मोडीतल्या सात ओळी. मोडीचा स्वभाव असा, की डोक्यावर एक रेघ ओढायची आणि सगळे शब्द तिला वाळत घातलेल्या धुण्यासारखे टांगायचे, एकाला एक चिकटून. कुठला शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. कमलाक्षीचे वडील जन्मभर मोडी कागदांच्या नकला करत आले होते, त्यांच्या मांडीवर बसून ती मोडी शिकली होती. गणिताची मास्तरीण म्हणून निवृत्त झाली तरी तिचा तो हात सुटला नव्हता. हे हनुमंतरावांना चांगलं ठाऊक होतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांनी तिला विचारलं नाही. त्यांनी पुण्याहून पंधरा दिवसांत मोडी शिकवणारं पुस्तक मागवलं आणि अकराव्या दिवशी ते पुस्तक बंद करून स्वतःला पंडित जाहीर केलं.

कागदात त्यांना काय दिसलं? तर 'कोंडाणा घेतला'. दुसरं काहीही चाललं असतं, पण दिसला तो थेट किल्ला! वर 'सौम्य संवत्सर' अशी मिती होती, आणि कोंडाणा सर झाला तोही सौम्य संवत्सरातच. झालं, माकडाच्या हाती कोलीत. संवत्सराची नावं साठ वर्षांनी फिरून येतात, तंजावुरातलं शेंबडं पोरही पंचांगावरून सांगेल. हनुमंतरावांना तेही माहीत होतं. त्यांनी आपल्याला सोयीचा फेरा निवडला, एवढंच. मग सवातीनशे वर्षांचं मधलं भगदाड बुजवायचं राहिलं. त्यालाही घरची रीत मदतीला आली. या घरात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात: तुळजाजीचा हनुमंतराव, हनुमंतरावाचा तुळजाजी. नावं दोनच, माणसं हवी तितकी. हनुमंतरावांनी सहा पिढ्या अशा पेरल्या, जशी बाई घट्ट वरणात पाणी ओतते, पाहुणे वाढले की.

मुख्य पुरुष म्हणून वर बसले तुळजाजी. कोंडाणा घेतला म्हणून लोक त्यांना 'कोंडाजी' म्हणू लागले, असा शोध. त्यांना पाच मुलगे. कागदात 'पूर्वीं चौघे जाऊन' असे शब्द होते, म्हणजे चौघे गडावर जाऊन कामी आले. कागदात त्यांची नावं नव्हती. हनुमंतरावांनी ती स्वतःच ठेवली, चांगली दणदणीत: मल्हारजी, सूर्याजी, विठोजी, खंडोजी. कमलाक्षीची मुलगी नंदिता संगणकाच्या एका वर्गात शिकवत होती. तिनंच काकांना जुना संगणक आणून दिला होता, तिनंच ते झाड त्यांच्या सांगण्यावरून टंकलं, आणि काकांच्या हट्टापायी त्या चार नावांपुढे चार तरवारीही चिकटवल्या.

मग कागद प्लास्टिकात घालून आणला गेला. त्या वर्षी तंजावुरात लॅमिनेशनची साथच होती.

"कमलाक्षी, हें काय अहे कळतें कां तुजला?" कागद दुरूनच दाखवत हनुमंतराव म्हणाले.

"कागद अहे."

"कागद नव्हे. घराण्याचा प्राण अहे!"

"मग प्राण प्लास्टिकांत कां घातलांत, भावजी? गुदमरेल न्हवे!"

ते रागावून जेवायला आले नाहीत. रात्री मात्र ताट मागवून घेतलं.

अशी दोन वर्षं गेली. पुण्याच्या कुठल्याशा वीरवंशज मंडळाशी हनुमंतरावांचा पत्रव्यवहार सुरू झाला. मंडळानं त्यांना फेटा आणि मानपत्र द्यायचं कबूल केलं. कमलाक्षी हसत राहिली. शेजारणींना सांगून हसली, बहिणीला फोनवर सांगून हसली. एकदा तरी हात पुढे करून 'तो कागद इकडे द्या' म्हणावं, हे काही तिला सुचलं नाही. हसण्यात इतकं सुख होतं की वाचायची गरजच वाटली नाही. पुढे याचा तिला फार पश्चात्ताप झाला.

कारण मध्यंतरी नंदिताचं ठरलं. तिरुवैयारुच्या बाळकृष्णरावांचा मुलगा प्राणेश, गुरांचा डॉक्टर. मुलगा बोलायला कमी, पण अडलेल्या गाईपाशी रात्रभर बसणारा. नंदिता त्याच्याशी फोनवर बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. सत्तावीस वर्षांच्या मुलीनं एवढं हसत राहावं हे कमलाक्षीनं बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं. गोत्रं वेगळी, पत्रिका जुळलेल्या, निश्चितार्थाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरलेला, आणि बाप नसलेल्या मुलीचं कन्यादान मोठे काका करणार. सगळं कसं ठाकठीक.

मग हनुमंतरावांना झाडावर जावयाची फांदी काढायची हुक्की आली. त्यांनी बाळकृष्णरावांकडे मूळ पुरुष विचारला. बाळकृष्णरावांनी सरळ मनानं सांगितलं: सीतारामराव, त्यांची बायको हिराबाई. आणि हनुमंतराव खुर्चीतून उठले. कारण त्या कागदात, त्याच सात ओळींत, लिहिलेलं होतं: पाचवा मुलगा तिरुवैयारुच्या हिराबाईला दिला.

म्हणजे दत्तक. म्हणजे तिरुवैयारुकर हे कोंडाण्याच्याच रक्ताचे, आणि दत्तकाला जन्माचं गोत्रही टाळावं लागतं. म्हणजे प्राणेश आणि नंदिता भाऊबहीण!

शहाण्या माणसानं घरात येऊन हळू आवाजात सांगितलं असतं. हनुमंतरावांनी झाडाची मोठी छापील प्रत काढली, प्राणेश आणि नंदिता यांच्यामध्ये लाल रेघ मारली आणि कुरियरनं तिरुवैयारुला पाठवून दिली. घरात सांगितलं नंतर, सांबार-भात कालवता कालवता.

"तीनशेंवर वर्षें जालीं, भावजी!" कमलाक्षीचा आवाज चढला. "सात पिढ्यांपुढें कोण विचारतो?"

"गोत्राला मुदत नसते," हनुमंतराव म्हणाले. "मी कन्यादानाला बसणार नाही. उद्या पुण्याचे लोक विचारतील, झाडांत भाऊबहीण नवराबायको कसे, तर काय सांगूं?"

पुण्याच्या लोकांना काय सांगू! घरातली मुलगी समोर भांडं हातात धरून उभी होती, आणि याला फेट्याची काळजी. कमलाक्षीला वाटलं, सांबाराचं पातेलं याच्या डोक्यावर उपडं करावं. तिनं केलं नाही. पातेलं पितळेचं होतं.

दोन दिवसांनी बाळकृष्णरावांचा फोन आला. माणूस भला, भाताची शेती आणि खताचं दुकान सांभाळणारा, पण छापील कागदाला भिणारा.

"मी नाही म्हणत नाही, कमलाक्षीबाई. पण एवढें शिकलेले गृहस्थ झाड छापून पाठवतात, तें खोटें असेल कां? माझ्या अम्माला मी अजून दाखवलें नाही. ती ऐंशी पार अहे. भाऊबहीण म्हटलें कीं ती अन्न सोडेल. रविवारीं तुम्ही सगळे या. काय तें साफ होऊं द्या. नाही जालें तर, शुक्रवारचा निश्चितार्थ मी ठेवूं शकत नाही."

नंदिता रडली नाही. ती काकांच्या संगणकापुढे बसून पडद्यावरच्या त्या लाल रेघेकडे पाहत राहिली.

"अम्मा, हें झाड पुसायला एक बटण पुरे," ती म्हणाली. "बाळकृष्णरावांच्या डोक्यांतलें कसें पुसूं?" आणि थोड्या वेळानं, "तरवारी मीच घातल्या न्हवे. तूं हसत होतीस, म्हणून मलाही गंमत वाटली."

ते कमलाक्षीला लागलं. मुलीला दोष द्यायचा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तिनं त्याच संध्याकाळी पहिल्यांदा त्या झाडाचा मजकूर नीट वाचला. खाली हनुमंतरावांनी कागदाची देवनागरी नक्कल छापली होती. त्यात एक ओळ अशी होती: 'कोंडाना [ठा]णें देऊन घेतला'. चौकटी कंसातला तो 'ठा' हनुमंतरावांच्या पदरचा. अक्षर पुसलं असावं असा त्यांचा कयास. कमलाक्षीनं ती ओळ तीनदा वाचली. ज्यानं कोंडाणा घेतला, त्यानं आधी ठाणं दिलं कुणाला? आणि तंजावुरात मराठी राज्य यायच्याही आधी तिरुवैयारुला ही हिराबाई काय करत होती, कावेरीचं पाणी मोजत होती? ती उठून पुढच्या चौकात गेली आणि मूळ कागद मागितला.

"रविवारीं सगळ्यांसमोर काढीन," हनुमंतराव म्हणाले. "आतां हात लावूं नको. हळदीचे हात अहेत तुझे."

"प्लास्टिकाला हळद लागत नाही, भावजी."

"रविवारीं," ते म्हणाले, आणि कपाटाला कुलूप घातलं.

रविवारी टॅक्सीतून तिघं तिरुवैयारुला गेली. हनुमंतराव पुढे ड्रायव्हरशेजारी. झाडाची गुंडाळी त्यांनी नळाच्या पांढऱ्या पाईपात घातली होती आणि तो पाईप ते भालदारासारखा उभा धरून बसले होते. बाळकृष्णरावांच्या घरी सतरंजी अंथरलेली होती. प्राणेश खांबाला टेकून उभा होता. त्याची आजी, राजम, कोपऱ्यात पाय पसरून विड्याचं पान पुसत बसली होती. तिला एवढंच सांगितलं होतं की मुलीकडचे कॉफीला येणार आहेत.

कॉफी झाली. झाड सतरंजीवर पसरलं गेलं. चार कोपऱ्यांवर कॉफीच्या पेल्यांखालचे चार डबरे ठेवले तरी ते गुंडाळत होतं. हनुमंतरावांनी छडी घेतली. किल्ला, मावळे, दोर, अंधार, सगळं त्यांनी असं सांगितलं की जणू ते स्वतः दोर धरून खाली उभे होते. चौघे मुलगे कसे पडले ते सांगताना त्यांचा आवाज कापला. पाचव्यावर येऊन ते थांबले आणि छडी लाल रेघेवर ठेवली.

"म्हणून हें लग्न होऊं शकत नाही," ते म्हणाले.

बाळकृष्णरावांनी मान खाली घातली. आजीनं पान पुसायचं थांबवलं. नंदिता आईकडे पाहत होती.

कमलाक्षी तीस वर्षं सातवीच्या पोरींना वजाबाकी शिकवत आली होती. तिनं आवाज तसाच ठेवला.

"भावजी, मुलगे किती?"

"पांच."

"गडावर पडले किती?"

"चौघे."

"लग्न तरी जालें होतें कां त्यांचें?"

"छे! कोवळीं पोरें होतीं तीं."

"आणि हिराबाईंना दिला एक."

"अहे न्हवे लिहिलेलें!"

"मग पांचांतून चार गेले, एक दिला. उरले किती?" तिनं एक क्षण थांबून विचारलं, "तुम्ही कोणाचे, भावजी?"

हनुमंतरावांची छडी झाडावरून खाली सरकली. तिथे तुळजाजी आणि पुढच्या पिढ्या यांच्यामध्ये एक तुटक रेघ होती. दोन वर्षं ती तुटक रेघ सगळ्यांनी पाहिली होती, आणि कुणालाही ती दिसली नव्हती.

"संशोधन चालूं अहे," ते म्हणाले.

"कागद द्या," कमलाक्षी म्हणाली.

या वेळी त्यांना 'नाही' म्हणता येईना. बाळकृष्णराव बघत होते. प्लास्टिकावर दिव्याचा उजेड चमकत होता म्हणून ती दाराशी गेली आणि कागद तिरका धरला. अक्षर सुरेख होतं, सावकाश लिहिलेलं. तिला वडिलांची आठवण आली. ते म्हणत, मोडी डोळ्यांनी वाचूं नये, श्वासानं वाचावी, जिथें लिहिणारा थांबला तिथें आपण थांबावें. ती थांबत थांबत मोठ्यानं वाचू लागली.

"सौम्य संवत्सरीं श्रावणमासीं पुत्र जाहला. पूर्वीं चौघे जाऊन हा पांचवा. सबब तिरुवैयारुचे सीतारामराव यांची स्त्री हिराबाई इजला दिल्हा. कोंडा घेतला. नांव कोंडाजी ठेविलें. पुढें मुंजीपूर्वीं कोंडा..." इथे ती थांबली, पुन्हा पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "कोंडा, नाणें, देऊन घेतला."

"कोंडाना," हनुमंतराव ओरडले. "ना! ना जोडून अहे!"

"मोडींत सगळेंच जोडून असतें, भावजी. कोंडा. नाणें. भाताचा कोंडा आणि एक नाणें. किल्ला नव्हे, कोंडा!"

"कोंडा देऊन माणूस कोणी घेतो कां? बायकांचें वाचन!"

कोपऱ्यातून राजमआजीचा आवाज आला. ती बोळक्या तोंडानं हसत होती.

"तवुडु!" ती म्हणाली. "अय्यो, तवुडाला विकलेलें पोर!"

तवुडु म्हणजे कोंडा. तमिळ मुलखात वाढलेल्या कुणालाही याहून जास्त सांगावं लागत नाही. पोरं जगत नसली की नव्या बाळाला जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या बाईला विकायचं, मोल म्हणून पसाभर कोंडा घ्यायचा. एवढ्या कवडीमोलाच्या पोराकडे यम कशाला बघेल? बाळ आपल्याच घरी वाढतं, पण म्हणायचं दुसऱ्याचं. आणि मोठं झालं, धोका टळला, की कोंडा परत देऊन आपलं पोर आपण सोडवून घ्यायचं. गल्लीत हट्ट करणाऱ्या प्रत्येक पोराला आया अजून म्हणतात, तुला तवुडाला घेतलं. हनुमंतरावांनी लहान नंदिताला हेच म्हणून शंभरदा रडवलं होतं.

"आमच्याकडें लग्नांत एक पान जास्त मांडतात," राजमआजी सांगत होती. "जेवण वाढतात, आणि पानाच्या कोपऱ्यांत चिमूटभर तवुडु. मी या घरीं आलें तेव्हां सासूला विचारलें, हें कोणाचें? ती म्हणाली, तंजावूरच्या लेकराचें. कोण लेकरूं, तें तिलाही ठाऊक नव्हतें. आमचें एक पोर तंजावुरांत अहे, एवढेंच सांगत."

बाळकृष्णरावांनी वर पाहिलं. प्राणेश खांबापासून सुटला. पण हनुमंतराव अजून लढत होते. गड हातचा जातोय हे कळलेला माणूस कुठलाही दगड उचलतो.

"हा कोंडाजी दुसरा कोणी असेल! तीनशें वर्षांपूर्वींचा..."

"श्राद्धाला दर्भ हातांत घेऊन तुम्ही तीन नांवें घेतां," कमलाक्षी म्हणाली. "बाप तुळजाजी, आजा हनुमंतराव, आणि पणजा?"

ते नाव हनुमंतरावांच्या तोंडात तयारच होतं. तीस वर्षं दर साली घेतलेलं.

"कोंडाजी," नंदिताच म्हणाली.

"तुमचा पणजा, भावजी. सौम्य संवत्सर अलीकडच्या फेऱ्यांतलें, दीडशें वर्षांपूर्वींचें. आतां तुम्हीच ठरवा. कोंडा देऊन त्याला परत घेतला असें म्हणा, तर तुम्ही तुमच्या घरचे, हे त्यांच्या घरचे, आणि शुक्रवारचा निश्चितार्थ ठरला. नाही घेतला म्हणा, तर तुम्ही या घरचे. तीस वर्षें पिंड दिले ते चुकीच्या गोत्रांत. आणि कोंडाणा घेतलाच असेल, तर तो बाळकृष्णरावांचा. फेटाही त्यांनाच द्यायला सांगा पुण्याला!"

बाळकृष्णराव एवढ्या मोठ्यानं हसले की डबरा उडाला आणि झाडाचा एक कोपरा गुंडाळला गेला. "मजला फेटा नको," ते म्हणाले. "मजला सून पाहिजे."

काम झालं होतं. कमलाक्षीनं तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन वर्षांचं हसू आता जिभेवर तयार होतं आणि हनुमंतराव खुर्चीत एवढेसे झाले होते. ते झाडावरच्या त्या चार नावांकडे पाहत होते.

"तें चौघांचें तरी?" त्यांनी हळूच विचारलं. "चौघे गेले, तें तरी खरें न्हवे? कागदांत अहे."

"खरें," कमलाक्षी म्हणाली, तोडायच्याच तयारीनं, आणि तोंड उघडल्यावर तिलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पूर्वीं चौघे जाऊन हा पांचवा. आधीची चार गेली होती, म्हणून तर पाचवा विकला. तिचा आवाज खाली आला. "तीं बाळें होतीं, भावजी. तान्हीं बाळें. नांवें ठेवण्याइतके दिवसही जगलीं नसतील."

सतरंजीवर मल्हारजी, सूर्याजी, विठोजी आणि खंडोजी चार तरवारी घेऊन पडले होते. ज्या बाईनं ती चार पोरं गमावली आणि पाचव्याला पसाभर कोंड्यावर दुसरीच्या ओटीत टाकलं, तिचं नाव या कागदात नव्हतं, झाडावर नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. कमलाक्षीला स्वतःची लाज वाटली. हनुमंतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुष्कळ वेळ पुसला. मग त्यांनी झाड गुंडाळून पाईपात घातलं. परतताना पाईप त्यांनी मांडीवर आडवा ठेवला होता.

पुण्याला ते गेले नाहीत. पाटी एका दुपारी कुणाला न सांगता उतरवली. भिंतीत चार भोकं राहिली. जेवायला येत राहिले, पण बोलत नव्हते, आणि कमलाक्षीनंही छेडलं नाही. फक्त लग्नाच्या आठ दिवस आधी ते टॅक्सी करून तिरुवैयारुच्या वाटेवरच्या भातगिरणीवर गेले. नव्या गिरण्यांचा सगळा कोंडा तेलाच्या कारखान्यांना जातो, सुटा कुणी देत नाही. त्यांनी मालकाशी तासभर हुज्जत घातली आणि पिशवीभर कोंडा घेऊन आले. कन्यादानाला ते बसले. त्याआधी नांदीश्राद्धात आपल्या पणज्याच्या जागी 'कोंडाजी' म्हणताना त्यांचा आवाज भटजींच्याही वर होता.

पंगत बसली. राजमआजीच्या सांगण्यावरून भिंतीकडेला एक पान वेगळं मांडलं गेलं, कोपऱ्यात चिमूटभर कोंडा. हनुमंतराव ते पाहत उभे राहिले. मग ते आचाऱ्याकडे गेले आणि आणखी चार पानं मागून आणली. वाकायला त्यांना त्रास होत होता. त्या पानाशेजारी ओळीनं चार पानं त्यांनी स्वतः मांडली, पाणी शिंपडलं, आणि पिशवीतून काढून प्रत्येकावर चिमूटभर कोंडा ठेवला.

वाढणारा तमिळ माणूस भाताचं भांडं घेऊन आला आणि रिकाम्या पानांपाशी थबकला. "इथें कोण येणार, सार?"

"चौघे गेले," हनुमंतराव म्हणाले. त्यांनी आधीच मांडलेल्या त्या पाचव्या पानापुढचा पाट ओढला आणि त्यावर मांडी घातली. "पांचवा मी. वाढ."

त्यांनी कोंडा बोटानं पानाच्या कडेला सारला आणि भातात आळं केलं. पहिल्या घासाला तोंड वाकडं करून ते म्हणाले, रस्सम पाणचट झालंय. कमलाक्षीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि तुपाचं भांडं घेऊन त्यांच्या पानाशी वाकली.